अम्मीचा मोगरा

बुधवार पेठेत राहतो असे सांगितले की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. मग एकतर दगडूशेठ गणपतीचे नाव काढतो, नाहीतर तपकीर गल्लीत स्वस्तात मिळालेल्या वायरीचे. जे त्याच्या मनात आलेले असते ते मात्र ओठांवर येऊ देत नाही. आम्हां तिघा भावंडांना याची लहानपणापासून सवय आहे. अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका जुन्या वाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही वाढलो. त्या घराच्या सज्जात एक मोगरा होता. ही हकीकत त्या मोगऱ्याची आणि आमच्या अम्मीची आहे. त्या दोघांना आम्ही प्रेमापोटी जवळजवळ कसे मारले होते, त्याची आहे.

आमचे अब्बा पुस्तकबांधणीचे काम करीत. घरात कागद, दोरा आणि खळ यांचा वास कायम भरलेला असे. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालावे लागते. ते घालण्याचे काम अब्बांनी आमच्यापैकी कोणालाही कधी करू दिले नाही. दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढेच, असा त्यांचा नियम होता. "चिमटी म्हणजे चिमटी. मूठ नव्हे," असे ते म्हणत. आम्ही हसत असू.

मोगरा अम्मीचा. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात, तळाला खिळ्याने पाच भोके पाडून तिने तो लावला होता. त्याला ती खत घालायची ते वर्षातून दोनदा. बकरी ईदच्या आधी आठ-पंधरा दिवस वाड्याच्या चौकात बोकड बांधलेला असायचा. त्याच्या लेंड्या झाडून ती पोत्यात भरून ठेवायची आणि वर्षभर मुरल्यावर, पुढच्या साली, हाताने चुरून दोन मुठी डब्यात टाकायची. ताजे लेंडीखत घातले तर झाड 'गरम होते' असे तिचे म्हणणे होते. बारा-तेराव्या शतकाच्या सुमारास सेव्हिलमध्ये होऊन गेलेल्या इब्न अल-अव्वामने शेतीवर अरबीत मोठा ग्रंथ लिहिला, त्यात माती, खत आणि पाणी यांचा स्वतंत्र विचार आहे, हे आम्ही पुष्कळ पुढे वाचले. अम्मीने तो ग्रंथ वाचलेला नव्हता. तिला तिच्या आईने सांगितले होते, एवढेच. चैत्र-वैशाखात तो मोगरा ओंजळ-ओंजळ फुले द्यायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवापुढे निम्मी जायची आणि निम्मी अम्मीच्या उशाशी बशीत राहायची.

अब्बा २०१६ मध्ये गेले. दोन वर्षांनी अम्मीच्या मूत्रपिंडाचे दुखणे निघाले. आपा लग्न होऊन कोंढव्याला, धाकटा नोकरीमुळे हडपसरला, आणि मधला अम्मीजवळ वाड्यात, अशी आमची पांगापांग झालेली. मधल्याची बायको अम्मीचे पथ्यपाणी बघे. मीठ कमी, डाळ मोजून, बटाटा आणि पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी ओतून द्यायचे. केळी, नारळपाणी, खजूर बंद. कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेले होते. आम्ही तिघांनीही ते वाचलेले होते.

२०२२ च्या मार्चमध्ये अम्मीला सज्जापर्यंत चालत जाणे जमेनासे झाले. ती खाटेवरून दाराच्या चौकटीतून मोगऱ्याकडे बघत बसे. त्या साली कळ्या फार थोड्या धरल्या. "म्हातारा झाला तोही," असे ती एकदा म्हणाली. ते वाक्य आमच्या तिघांच्याही मनाला लागले. आम्ही तिघांनीही वेगवेगळे, एकमेकांना न सांगता, ठरवले की मोगरा फुलवायचा.

आपाने मंडईकडच्या एका दुकानातून १९:१९:१९ ची पुडी आणली. पाण्यात विरघळवून द्यायचे ते खत तिने कोरडेच, डब्याच्या कडेने, चहाचा शिगोशीग चमचा भरून टाकायला सुरुवात केली. दर शुक्रवारी ती यायची तेव्हा एक चमचा. मधल्याने गावाकडच्या मित्राकडून १५:१५:१५ चे दाणेदार खत आणले आणि मूठभर मातीत खुपसले. धाकटा ऐकीव ज्ञानाचा. त्याने केळ्याच्या साली पाण्यात कुजवल्या आणि ते पाणी घातले, वर मटण धुतलेले पाणी. आणि स्वयंपाकघरातून अम्मीच्या बटाट्या-पालेभाजीचे उकडलेले पाणी गार करून रोज मोगऱ्यालाच जात होते, कारण फेकायचे कसे? अम्मी खाटेवरून ते बघायची. एकदा हसून म्हणाली, "मेरे ताट में से निकालके उसके डब्बे में डालते तुम लोग."

३ एप्रिलला रमजान सुरू झाला. अम्मीला रोजे माफ होते, पण इफ्तारीला ती दस्तरखानावर येऊन बसायची. सगळे खजुराने रोजा सोडत असताना तिच्यापुढे काहीच नसावे हे आमच्याने बघवेना. आपा आली की एक खजूर तिच्या हातात ठेवी. एकाने काय होते? धाकटा उन्हातून येताना शहाळे आणी आणि अर्धा ग्लास तिला देई. मधला सहरीच्या वेळी उठलेल्या अम्मीला अर्धे केळे देई, कारण औषध रिकाम्या पोटी घेऊ नये. प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच एवढीशी सूट देत आहोत.

दुसऱ्या अशऱ्यात एका रात्री अम्मीचे हातपाय गळाले आणि छातीत धडधडायला लागले. दवाखान्यात रक्त तपासले. पोटॅशियम ६.४ निघाले. साधारणपणे ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. हृदयाचा ठोका ज्या क्षारांच्या तोलावर चालतो त्यातला हा एक. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते, थकलेल्या मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि ते रक्तात साचत जाते. तरुण डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, "आठवडाभरात कोणी काय काय दिलं? खरं सांगा." आम्ही एकेकाने सांगितले. एक खजूर. अर्धा ग्लास नारळपाणी. अर्धे केळे. ते एकाखाली एक लिहीत गेले आणि कागद आमच्यापुढे धरला. कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते.

अम्मी वाचली. पाचव्या दिवशी घरी आली. सज्जात बघतो तर मोगरा करपलेला.

पानांची टोके आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी झालेल्या. माती ओली असूनही कोवळे शेंडे मान टाकून पडलेले. डब्याच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर धरलेला. पाणी कमी पडले असेल म्हणून आम्ही आणखी पाणी घातले, तर ते वरच तुंबून राहिले. मधल्याने एक फांदी आणि मूठभर माती कागदात बांधून एका रोपवाटिकेतल्या जुन्या माळीबाबांकडे नेली. त्यांनी पांढरा थर बोटाने खरवडला आणि विचारले, "कोणी कोणी काय काय घातलं?"

तोच प्रश्न, आठवड्यात दुसऱ्यांदा.

माळीबाबांनी समजावले ते असे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते. क्षार बाहेर जास्त झाले की पाणी त्यांच्याकडे ओढले जाते. रासायनिक खत म्हणजे शेवटी क्षारच. डब्यातल्या मातीत ते मर्यादेत असतात तोवर मुळे पाणी ओढून घेतात आणि त्याबरोबर खतही. क्षार फार वाढले की मुळांना पाणी ओढता येईनासे होते, आणि फारच वाढले तर मुळांतलेच पाणी उलट बाहेर जाऊ लागते. झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते. वरून उपाशी दिसते, म्हणून माणूस आणखी खत घालतो.

जमिनीत लावलेल्या झाडाला चुकीची माफी असते. त्याची मुळे दूर सरकतात आणि पाऊस जास्तीचे खाली वाहून नेतो. याच बुधवार पेठेत, भिडेवाड्यात, १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी पुढे १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. पावसाबरोबर डोंगरावरच्या कुजलेल्या पानाफुलांचे सत्त्व वाहून जाते, ते शेतात मुरावे म्हणून सरकारने ताली-बंधारे घालावेत, असे त्यात सुचवले आहे. शेताचे दुखणे ते आहे. डब्याचे नेमके उलटे. शेतातले वाहून जाते म्हणून शेतकरी रडतो, आणि डब्यातले साचून राहते म्हणून डबा मरतो. शेताचा सल्ला डब्याला लावला की घात होतो.

किती घात होतो याचा हिशेब आम्ही नंतर एका संध्याकाळी बसून केला. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस असते. हेक्टरात १०,००० चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरला १२ ग्रॅम. आमच्या डब्याचे तोंड साधारण नऊ इंच चौरस. तेवढ्या जागेच्या वाट्याला सबंध हंगामात पाऊण ग्रॅमसुद्धा नत्र येत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते, तेव्हा युरिया म्हटला तर दीड ग्रॅमच्या आत. मोगरा म्हणजे गहू नव्हे, आणि डब्यातून काही वाहूनही जाते, हे सगळे मान्य. पण अंदाज यायला हे पुरे. आपाच्या शिगोशीग चमच्यात सहा-सात ग्रॅम खत होते, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास नत्र. एका शुक्रवारी जवळजवळ दोन हंगामांचे. असे पाच शुक्रवार. मधल्याची मूठ आणि धाकट्याची पाणी वेगळीच.

त्या पुडीवर तीन आकडे होते. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. पालाश म्हणजे पोटॅशियम. दवाखान्याच्या कागदावर आणि खताच्या पुडीवर एकच अक्षर होते, इंग्रजी 'के'. ते 'कॅलियम'वरून आले, आणि कॅलियम आले अरबी 'अल-क़ली'वरून. क़ली म्हणजे झाडे जाळून केलेली क्षारयुक्त राख. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने तो धातू वेगळा काढला, पण नावात राख राहून गेली. अम्मीच्या रक्तात आणि मोगऱ्याच्या डब्यात आम्ही एकच वस्तू, एकाच महिन्यात, एकाच मायेने साचवली होती. हे कळले तेव्हा आपा बराच वेळ काही बोलली नाही.

झाड मातीतून फार खात नाही, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. यान व्हॅन हेल्माँट नावाच्या एका शास्त्रज्ञाने कुंडीतच प्रयोग केला होता. तो १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. त्याने दोनशे पौंड वाळलेली माती तोलून घेतली, तिच्यात पाच पौंडांचे वाळुंजाच्या जातीचे झाड लावले आणि पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती पुन्हा वाळवून तोलली तर दोन औंसच कमी भरली. सगळे झाड पाण्याचेच बनले असा निष्कर्ष त्याने काढला. तो निम्माच बरोबर होता, कारण उरलेले हवेतून आले होते. झाडाच्या वाळलेल्या वजनात सुमारे ९५ टक्के वाटा कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचाच असतो. खतातून येते ते उरलेल्यातले. ते लागतेच, त्याच्याशिवाय भागत नाही. पण ते खळीतल्या मोरचुदासारखे. चिमटीने.

उपाय सोपा होता आणि फार कष्टाचा. खत पूर्ण बंद. वरचा पांढरा थर खरवडून काढायचा. तळाची बुजलेली भोके मोकळी करायची आणि मग डब्यात जेवढी माती आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढायचे. पंधरा लिटर मातीला तीस ते पंचेचाळीस लिटर पाणी. पाणी खालच्या नळावरून भरून तिसऱ्या मजल्यापर्यंत बादल्या वाहायच्या होत्या, त्याही रोजा धरून. सज्जातून खाली गळणारे पाणी काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले आणि त्या वर भांडायला आल्या. अम्मीची अवस्था आणि डब्याची अवस्था बघून काही न बोलता परत गेल्या, आणि थोड्या वेळाने त्यांच्या मुलाच्या हाती एक भरलेली बादली वर आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपडे आत वाळत घातले.

अम्मी खाटेवरून सगळे बघत होती. "आलू के वास्ते जो करते, वोइच करे," ती म्हणाली. खरेच होते. तिचा बटाटा ज्यासाठी पाण्यात उकडून पाणी ओतत होतो, त्याचसाठी आता माती धूत होतो.

धाकट्याने त्या दिवशी अब्बांनी बांधलेली एक कोरी वही शोधून काढली आणि दोरीने भिंतीच्या खिळ्याला टांगली. उजव्या पानावर अम्मी, डाव्या पानावर मोगरा. कोणी, काय, किती, कोणत्या तारखेला. लिहिल्याशिवाय काही द्यायचे नाही. आमचे चुकले होते ते खजुरात किंवा खतात नव्हते. तिघे तीन दारांनी येत होतो आणि दुसऱ्याने काय दिले ते विचारत नव्हतो, तिथे चुकले होते.

मोगऱ्याचा एक अंग वाळून गेला. दुसऱ्या अंगाला जूनच्या पावसात हिरवे डोळे फुटले. आम्ही दोन महिने नुसते पाणी दिले. आजारी झाडाला, नुकत्याच माती बदललेल्या झाडाला आणि थंडीत झोपलेल्या झाडाला खत द्यायचे नाही, हे डाव्या पानावर सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिले. जानेवारीत छाटणी केली, निम्मी माती बदलली. नवी पालवी स्थिर झाल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी, दोन मुठी जुने लेंडीखत दिले. कळ्या धरायच्या वेळी १९:१९:१९, पण लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, ओल्या मातीवर, वीस दिवसांनी एकदा. पुडीवर लिटरला एक ग्रॅम छापलेले होते. आम्ही निम्म्यावर आलो, आणि त्याने काही बिघडले नाही. कमी पडले तर पाने फिकी पडून झाड सांगते आणि भरून काढायला वेळ देते. जास्त झाल्याचे सांगते तेव्हा मुळे जळून गेलेली असतात. केळ्याच्या सालीचे पाणी बंद केले, त्याने चिलटेच फार व्हायची. मटणाचे पाणी मात्र अम्मीच्या आग्रहाखातर चालू राहिले. मीठ न लावलेल्या मटणाचे, पहिल्या धुण्याचे, चौपट पाणी घालून, महिन्यातून एकदा. तेही वहीत लिहून.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मोगऱ्याने सतरा फुले दिली. पूर्वीच्या मानाने काहीच नाही. त्या रमजानमध्ये अम्मीने डॉक्टरांना विचारून, ज्या दिवशी रक्ताचा अहवाल चांगला आला त्या दिवशी, एका खजुराचा अर्धा भाग खाल्ला. अर्धा खजूर खायला तिला किती वेळ लागला ते आम्हांला अजून आठवते. उजव्या पानावर आपाने लिहिले आहे: 'खजूर, अर्धा.'

त्या वर्षीच्या डिसेंबरात भिडेवाड्याचे जुने बांधकाम स्मारकासाठी पाडले. अम्मी तेव्हा फार थकली होती. त्याची बातमी ऐकून तिने मोगऱ्याची पाने पुसायला सांगितले, धूळ बसेल म्हणून. जानेवारीत ती गेली. दुखणे जायचेच होते, ते आमच्या हातून गेले नाही, एवढे वहीमुळे आम्ही स्वतःला सांगू शकतो. पुष्कळांना तेवढेही सांगता येत नाही.

वाडा आता पाडायचा आहे. कागदपत्रे चालू आहेत. मोगऱ्याच्या फांद्या पावसाळ्यात लावून आम्ही चार रोपे केली. तिघांकडे तीन, एक काकूंकडे. प्रत्येक रोप देताना बरोबर एक साधी वही दिली, तेव्हा काकू हसल्या. पण त्या लिहितात. मागच्या आठवड्यात जाऊन बघितले तर त्यांच्या वहीत सलग सहा ओळी एकसारख्या होत्या: 'पाणी. खत नाही.' आणि रोपाला कळी आलेली होती.